दादाच्या पेन्शनवरचा कर

दादा, माझा थोरला भाऊ, दरवर्षी जून संपता संपता साताऱ्याहून एसटीनं सांगलीला माझ्याकडे यायचा. सोबत एक निळी फाईल आणि दोन-तीन किलो घेवडा. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. तिथल्यासारखा घेवडा सांगलीत मिळत नाही अशी त्याची समजूत होती आणि मी ती कधी खोडून काढली नाही. फाईलमध्ये बँकेनं दिलेला पेन्शनचा फॉर्म सोळा, पासबुक आणि आधार-पॅनच्या झेरॉक्स असायच्या. मी सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत तीस वर्षं काढली. साहेबांपासून शिपायांपर्यंत निम्म्या कचेरीची आयकर विवरणपत्रं मीच भरून द्यायचे. दादाचं भरायला मला अर्धा तास पुरायचा. तो समोर चहा पीत बसायचा आणि शेवटी एवढंच विचारायचा, "कर किती कापला?" मी आकडा सांगायचे. "बरं," म्हणायचा आणि दुपारच्या गाडीनं परत जायचा.

दादा सैन्यातून सुभेदार होऊन घरी आला, तेव्हा त्याची पूर्ण नोकरी व्हायला काही वर्षं बाकी होती. आमच्या गावात घरटी एक माणूस सैन्यात, कोण कधी परत येतो याचा कुणी हिशेब ठेवत नाही. तो ताठ चालायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, पहाटे कॅनॉलपर्यंत जाऊन यायचा. गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे सुभेदारच म्हणत. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्यापुढे हुकूम द्यायला त्यालाच बोलवायचे. लग्नाच्या वरातीत फटाके वाजायच्या आधी तो निघून जायचा, एवढंच काय ते वेगळं. त्याला गोंगाट आवडत नाही, असं वहिनी सांगायच्या.

पण त्याच्या आणि माझ्या मध्ये एक गोष्ट कायम पडून होती. आई गेली तेव्हा तो आला नव्हता. साताऱ्यातल्या दवाखान्यात आई पाच दिवस होती. दार वाजलं की ती मान वळवून बघायची आणि विचारायची, "आला का?" वहिनी म्हणाल्या, "रजा मिळत न्हाई त्यांना." चुलतभावानं अग्नी दिला. तेराव्यालाही दादा नव्हता. पुढं चार-पाच महिन्यांनी तो कायमचा घरी आला. मी दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाही. भावकीत बायका बोलायच्या की नोकरीपुढं आई कोण, आणि मी ते ऐकून घ्यायचे. खरं तर मीही तेच बोलायचे.

बोलणं सुरू झालं ते या करामुळेच. बँकेनं पेन्शनमधून पहिल्यांदा कर कापला, तेव्हा दादा माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "हे मला काय कळत न्हाई. तू बघशील?" मी बघितलं. तेव्हापासून दरवर्षी.

मग एका वर्षी पेन्शनची फेररचना झाली, मागचा फरक मिळाला आणि त्यासोबत नवा पेन्शन आदेश आला. दादानं तो न वाचताच फाईलमध्ये घातला होता. मी फरकाची रक्कम कुठल्या वर्षात धरायची ते शोधत होते, म्हणून आदेश नीट वाचला. त्यात पेन्शनचे दोन भाग दाखवले होते. एक सेवेचा आणि दुसरा अपंगत्वाचा.

मी दोनदा वाचलं. एवढी वर्षं बँकेच्या दाखल्यावर नुसती बेरीज यायची, त्यामुळे हे कधी दिसलंच नव्हतं. नियम मला माहीत होता. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वापायी सैनिकाला नोकरी सोडावी लागली, तर त्याच्या त्या पेन्शनवर आयकर लागत नाही. दोन्ही भागांवर लागत नाही. आमच्या कचेरीत पाय गमावलेला एक माजी सैनिक होता, त्याचं विवरणपत्र मीच तसं भरलं होतं. आणि माझ्या सख्ख्या भावाची पेन्शन मी दरवर्षी करपात्र रकान्यात लिहीत आले होते.

"दादा, हे अपंगत्व कसलं?"

त्यानं कप खाली ठेवला. "ते तसंच लिवत्यात. पाठ धरली हुती."

"मग तुझा कर फुकट कापला जातोय. मेडिकल बोर्डाचा कागद दे, मी बंद करून देते."

"कागद न्हाईत."

"असतील. असे कागद कुणी टाकत नाही."

"राहू दे गं," तो म्हणाला. "सरकारचा पैसा, सरकारला गेला."

मला ते राहू देता आलं नाही. आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, त्यात दादाचा कळवळा थोडा होता आणि माझी चूक मला सहन होत नव्हती हे जास्त. लेखा शाखेतली बाई, जिच्याकडे लोक करासाठी यायचे, तिला आपल्याच घरातलं दिसलं नव्हतं. मी त्याला दर आठवड्याला फोन करायला लागले. तो विषय बदलायचा. शेवटी मी त्याला न कळवता गावी गेले.

दादा उसाला पाणी द्यायला गेला होता. वहिनी अंगणात होत्या. मी त्यांना कागदाचं विचारलं.

"आवं ताई, नका त्या नादाला लागू. त्यास्नी न्हाई आवडायचं."

"वहिनी, त्याचाच फायदा आहे. कुठं ठेवलेत?"

त्यांनी सांगितलं नाही, पण पलंगाखालच्या काळ्या ट्रंकेकडे त्यांची नजर गेली. ट्रंकेला कुलूप नव्हतं. मी ती ओढली आणि उघडली. युनिफॉर्म, पदकांची डबी, त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. वहिनी दाराशी उभ्या राहिल्या, त्यांनी मला अडवलं नाही.

बोर्डाचा कागद इंग्रजीत होता. पाठीचा त्यात कुठं उल्लेख नव्हता. आजार मनाचा लिहिला होता. सीमेवरच्या एका चौकीत त्याच्या शेजारची दोन माणसं गेली होती, त्यानंतर तो झोपेनासा झाला, बोलेनासा झाला, एकदा हातातलं हत्यार खाली ठेवायला तयार नव्हता. सेवेमुळे उद्भवलेला आजार, असा शेरा होता. खाली लष्करी रुग्णालयात दाखल केल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख. मी त्या तारखा बोट ठेवून वाचल्या. आई गेली तो दिवस त्या दोन तारखांच्या मध्ये होता.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. मी भेटून पण आले हुते. माह्यारी जाते म्हून सांगितलं हुतं सगळ्यास्नी." त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "त्यांनी शपथ घातली हुती. कुणाला कळलं तर परत घरी येणार न्हाई म्हनले."

तेराव्याला भावकीतल्या बायका दादाला नावं ठेवत होत्या, तेव्हा या तिथंच भाकरी थापत बसल्या होत्या. मीही त्यांच्यासमोरच बोलले होते. काय बोलले ते मला आठवत होतं.

दादा आला तेव्हा कागद माझ्या हातात होता. त्यानं बघितलं आणि बाहेर जाऊन पायावर पाणी घेतलं. मग ओल्या पायांनीच उंबऱ्यात बसला.

"वाचलंस?"

"वाचलं."

"आई गेली तवा मी कुलपाच्या वॉर्डात हुतो. मला चार दिवसांनी सांगितलं. डाक्टर म्हनले, आत्ता ऐकायच्या हालतीत न्हाईस."

"मग आल्यावर तरी सांगायचंस, दादा. मी दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही."

"बोलली न्हाईस तेच बरं वाटलं मला," तो म्हणाला. "येडा झाला हुता म्हनण्यापरीस, आला न्हाई म्हनलेलं बरं."

मी रडले. तो रडला नाही. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "ह्यो कागद कुठं द्यावा लागतो?" मी सांगितलं, विवरणपत्रात दाखवता येईल, पण कर कापणं थांबवायचं तर बँकेत द्यावा लागेल. त्यानं मान हलवली. त्या वेळी मी थांबायला हवं होतं. कागद जागेवर ठेवून सांगलीला परत यायला हवं होतं. मी म्हणाले, "तुझा हक्क आहे तो. लाजायचं काय त्यात?" एवढ्या मोठ्या गुन्ह्याची भरपाई मला लगेच काहीतरी करून द्यायची होती आणि मला करता येण्यासारखी गोष्ट तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. बँकेत पेन्शनचा दिवस, म्हणून गर्दी होती. आमच्या आणि शेजारच्या गावातली पाच-सहा माजी सैनिक मंडळी बाकावर बसली होती. दादानं प्रत्येकाला रामराम केला. आमचा नंबर आला तेव्हा मी अर्ज आणि कागद पुढं केला. खिडकीतला कारकून नवीन होता, वाईट माणूस नव्हता. त्यानं कागद उलटसुलट केला, दादाकडे वर-खाली बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "अपंगत्व? काका, तुम्ही तर धडधाकट दिसता. कुठलं अपंगत्व?"

मी म्हणाले, "त्यात लिहिलंय, वाचून घ्या ना."

"अहो मॅडम, हे डॉक्टरी अक्षर कुणाला कळतंय? अर्जात लिहावं लागेल मला."

दादा सरळ उभा राहिला, झेंड्यापुढे राहायचा तसा. म्हणाला, "डोक्याचं."

मागं बाकावर बोलणं चाललं होतं, ते थांबलं. कारकुनानं मान खाली घालून लिहिलं, शिक्का मारला, पोच दिली. बाहेर आल्यावर मी म्हणाले, चहा घेऊ. दादा म्हणाला, "मी जातो. तुला सांगलीची गाडी हाय." आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागला.

कर कापणं थांबलं. मागच्या दोन वर्षांचा कर परत मिळाला, त्याआधीच्या वर्षांची मुदत टळून गेली होती. पैसे त्याच्या खात्यात जमा झाल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तो "बरं" म्हणाला.

गावात त्याला तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण पुढच्या पंधरा ऑगस्टला शाळेचं बोलावणं आलं नाही. वहिनींनी नंतर सांगितलं की सरपंच आले होते, म्हणाले, सुभेदारांना आता त्रास नको, विश्रांती घेऊ द्या. त्यांनी ते मायेनंच म्हटलं असणार. दादानं त्या दिवशी कपडे इस्त्री करून ठेवले होते. पहाटे कॅनॉलवर जाणंही हळूहळू बंद झालं. शेजारच्या शेतकऱ्यानं एकदा बांधाचा विषय काढला आणि वाद सुरू व्हायच्या आतच "जाऊ द्या, तुमच्या नादाला कोण लागतंय" म्हणून निघून गेला. दादाला ते फार लागलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत सरकारनं कराची मर्यादा वाढवली. नव्या पद्धतीत दादाएवढ्या पेन्शनवर कुणालाच कर पडत नाही. मी बजेटच्या दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन बसले आणि त्याचा आकडा त्यात घालून बघितला. शून्य आलं. कागद ट्रंकेत राहिला असता तरी शून्यच आलं असतं. मी ते दादाला सांगितलं नाही. पण तो पेपर वाचतो.

आता तो सांगलीला येत नाही. त्याचा मुलगा फॉर्म सोळाचा फोटो मोबाईलवर पाठवतो, मी भरून टाकते. सहा महिन्यांतून मी एकदा गावी जाते. दादा ओसरीवर असतो, माझी विचारपूस करतो, आईबद्दल आम्ही आता बोलतोही. ती शेवटी काय म्हणाली, हे त्यानं एकदा विचारलं. मी म्हणाले, तिला शुद्ध नव्हती. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेल्या.

मागच्या खेपेला मी निघताना तो फाटकापर्यंत आला.

"त्यो कागद बँकेतनं परत मागता येतो का गं?"

"नाही दादा. त्यांच्याकडं झेरॉक्स राहते. दफ्तरात लागलेली असते ती."

"बरं," तो म्हणाला आणि घेवड्याची पिशवी माझ्या हातात देऊन मागं वळला.