कार्बोरेटरमधलं कुंकू

मंडळी, हाताचा पेट्रोलचा वास अजून जात नाहीये, तरी लिहितेय.

दुपारी आमच्या सरस्वतीपुरममध्ये करंट गेला आणि बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. मी त्यांना छोटा सिलिंडर लावला आणि मागच्या अंगणात जनरेटरकडे धावले. दोरी ओढली, ओढतच राहिले. इंजिन चालू होईना, कार्बोरेटरमधून पेट्रोल मात्र गळायला लागलं.

खिडकीतून बाबा म्हणाले, "सुम्ने, उगाच ओढू नको गं! पेट्रोल जास्त झालंय. आधी कॉक बंद कर." थांबून दम घेतला. "खालची वाटी काढ. आतली सुई अडकली असेल."

"तुम्ही बोलू नका ना!" मी ओरडले. सिलिंडरचा काटा खाली खाली येत होता.

वाटी काढली. तळाशी लाल गाळ, सुईच्या टोकालाही लाल. कुंकू!

यंदा दसऱ्याच्या वेळी, यंत्रांच्या आयुधपूजेला बाबांनी हट्टाने जनरेटरजवळ खुर्ची मांडायला लावली होती. "माझा श्वास ह्याच्यावरच की," म्हणत टाकीच्या झाकणावर मूठभर कुंकू वाहिलं. नंतर झाकण न पुसता पेट्रोल भरलं ते मीच.

सगळं पुसलं, प्लग सुकवला, दोरी ओढली. एकदाची धडधड सुरू झाली.

"काय अडकलं होतं?" बाबांनी विचारलं.

"कचरा," मी म्हटलं.

करंट कधीच आलाय, बाबा शांत झोपलेत. मला मात्र एका जागी बसवत नाही. त्यांच्या हातच्या कुंकवाला मी कचरा म्हटलं.

तुम्ही काय सांगितलं असतं?