अर्डिथ मावशीची जागा

अर्डिथ मावशीने एका माणसाला शिडीसकट तळ्यात बुडवून मारलं, हे सटक्लिफमध्ये कुणीही तुम्हाला शपथेवर सांगेल. माणूस कुठला होता यावर मात्र एकमत नाही. पेट्रोलपंपावरचे म्हणतात सॅक्रामेंटोचा. शाळेतली पोरं म्हणतात टेक्सासचा. माझा मामा त्या दिवशी इथे नव्हताच, पण तो म्हणतो, "जर्मन होता. मी प्रेत पाहिलंय."

प्रेतबित काही नव्हतं. तो माणूस ठणठणीत आहे. रीनोला त्याचं गालिच्यांचं दुकान आहे आणि दर नाताळला तो मावशीला कार्ड पाठवतो. ती ते न फोडता शेगडीत टाकते. झालं होतं एवढंच, की त्याने अंधारातच तळ्यात, मावशीच्या मासे धरायच्या जागेवर, शिडी रोवली आणि स्वतः गाडीत हीटर लावून झोपला. मावशी आली. रिकामी शिडी दिसली. तिने ती उचलली, घडी केली, किनाऱ्यावर ठेवली आणि वर त्याच्या जेवणाची पिशवी नीट मांडली. ते पाहून हा गाडीतून ओरडत धावत आला, जागा परत घ्यायला थेट पाण्यात शिरला, आणि पाण्याखालचा कडा कुठे तुटतो हे माहीत नसल्यामुळे दिसेनासा झाला. वर फक्त टोपी. छातीपर्यंतच्या त्या रबरी विजारीत पाणी भरलं की माणूस वासराएवढा जड होतो. मावशीने मासे झेलायची जाळी त्याच्या डोक्यावरून घातली आणि त्याला ओढत बाहेर काढलं. मग चाळीस मिनिटं शिव्या दिल्या.

"आंघोळच करायची होती तर घरी करायचीस! माझे मासे पळवलेस!"

"था-था-थँक यू," तो म्हणत होता. दात वाजत होते बिचाऱ्याचे.

हे मला आईने सांगितलं. आई त्या वेळी तिथेच होती, आणि तिला मावशीचा इतका राग येतो की मावशीच्या बाजूने ती खोटं बोलणं शक्यच नाही.

राग सगळ्यांनाच येतो. मावशीने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. आमच्या वस्तीवरची निम्मी माणसं तिच्या बसमधून कधी ना कधी भर रस्त्यात उतरवली गेलेली आहेत. आई दोनदा. नवरा होता, तो एकदा एल्कोला कामासाठी गेला आणि तिकडेच राहिला. वस्ती म्हणते, शहाणा. आवाज म्हणाल तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. तो मला हुबेहूब काढता येतो आणि आईच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी काढतेही. मावशीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "ए साळुंकी, माझा आवाज काढायचा तर आधी माझ्याएवढं थंड पाणी पी."

तर जागा. एक ऑक्टोबरला मासेमारीचा मोसम उघडतो, जूनअखेर बंद होतो. तेवढे नऊ महिने जगभरची माणसं वीस-वीस पौंडांच्या ट्राउट माशांसाठी आमच्या तळ्यात येऊन शिड्यांवर उभी राहतात. आजूबाजूला गवताचं पातं नाही, नुसती राख-माती आणि वारा, आणि कमरेएवढ्या पाण्यात बगळ्यांसारखी ही रांग. कडा जिथे आत वळतो तिथे मासा अगदी जवळ येतो, आणि त्या वळणावर मावशीची रंगाऱ्याची जुनी लाकडी शिडी असते, वर ट्रॅक्टरची सीट ठोकलेली. जागा तिच्या आईने दाखवलेली. त्या आईच्या तरुणपणी तळ्यातले मोठे मासे संपले होते, पार. तरी ती बाई त्याच ठिकाणी जाऊन उभी राहायची. लोक हसायचे. ती म्हणायची, "येतील तेव्हा मी नसले तर?"

जागेचा कागद कुणाकडेच नसतो. उभा राहील त्याची जागा. तीन वर्षांपूर्वी फार मारामाऱ्या झाल्या तेव्हा किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांनी एक नियम घालून दिला: मासा लागला तर खुशाल शिडीवरून उतरा, गुडघाभर पाण्यात त्याला झेला, सोडा, परत चढा. पण कोरड्या वाळूला पाय लागला की जागा गेली. मग ती दुसऱ्याची.

या नियमाने मावशीला चांगलं धरलं, कारण या हिवाळ्यात तिचा उजवा गुडघा गेला. दवाखान्यात सांगितलं, कापून नवा बसवू, मग सहा आठवडे पाण्यात पाय घालायचा नाही. मावशी म्हणाली, सहा आठवडे जागा रिकामी ठेवली तर सातव्या आठवड्यात तिथे ब्रेडन असेल, आणि मग मी नव्या गुडघ्यावर नाचू का?

ब्रेडन म्हणजे ट्रकी गावाहून माणसांना मासे धरायला घेऊन येणारा वाटाड्या. शनिवार-रविवार येतो. सहा चकचकीत शिड्या, सहा गिऱ्हाइकं, माणशी चारशे डॉलर. बोलतो असा, जणू प्रत्येकाच्या खांद्यावर हात आहे. "बंधू, तळं सगळ्यांचं आहे ना. आपण सगळे पाण्याचीच लेकरं." त्याची नजर दोन मोसम त्या वळणावर होती आणि मावशीचं लंगडणं तो दर खेपेला मोजत होता. मला एकदा विचारलं, "तुमच्या त्या मॅडम बऱ्या आहेत ना? नाही, काळजी वाटते."

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी मावशीला उशीर झाला. एकतीस मोसमांत पहिल्यांदा. आदल्या दिवशी दवाखान्यात गुडघ्यातलं पाणी सुईने काढलं होतं आणि सकाळी पाय वाकेना. ती किनाऱ्यावर पोचली तेव्हा उजाडलेलं होतं, पश्चिमेचा वारा बर्फाचे कण तोंडावर फेकत होता आणि तिच्या वळणावर ब्रेडनची शिडी होती. रिकामी नव्हती. वर सॅन होजेचा एक दाताचा डॉक्टर बसवलेला, बॅटरीवर गरम होणारं जाकीट घालून.

मी आईच्या दुकानातले कागदात गुंडाळलेले गरम बरिटो विकत तिथेच फिरत होते. रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "आज होणार बघ." तो खूश होता, स्पष्ट दिसत होतं.

मावशीने काही केलं नाही. बादली पालथी घातली, त्यावर बसली, पाय समोर ताणला.

"गुड मॉर्निंग, मॅडम!" ब्रेडन पाण्यातून ओरडला. "आज आराम का?"

"ए पोरा, माझ्या जागेवर हे काय ठेवलंयस?"

"हे डॉक्टर केंड्रिक."

"मला वाटलं कुणी उशी विसरलं."

डॉक्टरने बिचाऱ्याने टोपी उचलून नमस्कार केला. त्याला वाटलं इथली पद्धत आहे.

ब्रेडनने तयारी पक्की केली होती. डॉक्टरच्या शिडीला थर्मास बांधलेला, सँडविच खिशात, आणि लघवीसाठी बाटली. "संध्याकाळपर्यंत उतरायची गरजच नाही," तो मला ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि उद्या आम्ही पहाटे चारला येणार." मग माझ्याकडून दोन बरिटो घेतले आणि सुटे परत मागितले.

मी मावशीजवळ गेले. वाईट वाटून नव्हे, ती आता काय बोलते ते ऐकायला. म्हटलं, "मावशी, गेली तुझी जागा. तो काही उतरत नाही."

"बाराच्या आत उतरेल."

"बाटली आहे त्याच्याकडे."

"बाराच्या आत उतरेल, आणि हसत उतरेल. लाव पैज."

"काय लावतेस?"

"माझा माश्यांचा डबा."

तो डबा म्हणजे काय ते सांगायला हवं. मावशी गळाला लावायच्या पिसं-दोऱ्याच्या खोट्या माश्या स्वतः बांधते, कुत्र्याचे केस घालून. त्या डब्यासाठी लोकांनी तिला पैसे देऊ केलेत, आणि बदल्यात जे ऐकून घेतलंय ते मी इथे लिहू शकत नाही. मी लगेच हात पुढे केला. "आणि मी हरले तर?"

"तर मी सांगेन ते काम. एकच."

"चालेल!" मी म्हटलं. मनात डबा विकूनही झाला होता.

पहिला तास तिने डॉक्टरला नुसतं पाहिलं. मग सुरू झाली.

"ए दातवाल्या! दोरी ओढतोयस की गाय? हळू!"

"मॅडम, प्लीज," ब्रेडन म्हणाला. "माझ्या गिऱ्हाइकाला त्रास नको."

"त्रास कुठे देतेय? फुकट शिकवतेय. तू चारशे घेऊन काय शिकवलंस? बसायला?"

रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

"हळू म्हणजे किती हळू?" डॉक्टरने विचारलं. ब्रेडनला नाही, तिला.

"झोपलेल्या मांजराच्या पोटाखालचं पांघरूण काढतोस, तसं. थांब. आता परत. थांब म्हटलं ना! दात पण असेच उपटतोस का?"

डॉक्टर ती सांगेल तसं करत होता. सकाळपासून त्याला मासा शिवला नव्हता, आणि डाव्या-उजव्या बाजूच्यांना दोन-दोन लागून गेले होते. साडेदहाच्या सुमारास तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "ब्रेडन, इथे आहेत ना नक्की मासे?"

मावशीने मला खुणेने बोलावलं. डब्यातून एक काळी माशी काढली, पोटावर लाल दोऱ्याचे दोन वेढे. बरिटोच्या कागदात खोचली. "दे त्याला. बरिटो माझ्याकडून म्हणून सांग."

मी गुडघाभर पाण्यात जाऊन तो पुढे आलेल्या ब्रेडनकडे दिला. म्हणजे पैज हरायचं सामान मी स्वतःच्या हाताने पोचवलं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. मला वाटलं, म्हातारी खचली.

ब्रेडनने कागद उलगडला आणि माशी ओळखली. त्याने मावशीकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे, मग परत माशीकडे. हाव म्हणजे काय ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं, ती आधी कानांत लाल होते. "थँक यू, मॅडम," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने ती दोरीला बांधली.

अकरा पाचला डॉक्टरची गळकाठी वाकली. वाकली ती सरळ होईना. शेजाऱ्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळल्या, रीतच आहे तशी. डॉक्टर शिडीवरून घसरतच उतरला, ब्रेडन जाळी घेऊन धावला, आणि किनाऱ्यावर बादलीवरून मावशी ओरडत होती, "सोड! दोरी सोड! पळू दे त्याला! आता! आता घे!" मी तिचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. त्या क्षणी ती खरंच त्या माशाच्या मागे होती, जागाबिगा विसरून.

मासा जाळीत आला तेव्हा जाळीत मावेना. तांबडा-सोनेरी, गळ्याखाली ती रक्ताच्या रेघेसारखी खूण. ब्रेडनने काट्यावर लावला: बावीस पौंड. मोसमातला सगळ्यांत मोठा. डॉक्टर लहान मुलासारखा रडत-हसत होता. आणि ब्रेडनला स्वतःच्या जाहिरातीतला फोटो डोळ्यांपुढे दिसला.

"वर या, डॉक्टर! वर या! पाण्यात नको, मागे डोंगर येऊ दे! अजून वर! पटकन, मग सोडू त्याला!"

डॉक्टर वर गेला. मासा छातीशी धरून, कोरड्या वाळूवर, चांगली बारा पावलं. हसत.

मावशी उठली. लंगडत त्यांच्या दोघांच्या मधून गेली, फोटोत तिची पाठ आलीय. पाण्यातली चकचकीत शिडी उपटली, ब्रेडनच्या पायाशी टाकली. परत आली, स्वतःची लाकडी शिडी खांद्यावर घेतली. त्या पायाने दोनदा थांबली. कुणी मदतीला उठलं नाही, मीही नाही. ती वळणावर पोचली, शिडी रोवली, चढली आणि ट्रॅक्टरच्या सीटवर बसली.

"ए! ए बाई!" ब्रेडनचं मॅडम-बंधू सगळं वाऱ्यावर उडून गेलं. "उतर खाली! चोट्टी म्हातारी!"

त्याने तळ्यावरच्या रखवालदाराला, रेंजर वेंडेलला बोलावलं. वेंडेल आमचा कधीच घाई करत नाही. आला, विजार वर ओढली, डॉक्टरचे बूट पाहिले.

"हं... वाळू कोरडी होती?"

"हो!" डॉक्टरने आनंदाने फोन पुढे केला. "बघा ना, किती स्पष्ट आलीय!"

वेंडेलने फोटो बराच वेळ पाहिला. "मासा छान आहे," तो म्हणाला, आणि गेला.

मी पाण्यात शिरून मावशीच्या शिडीपर्यंत गेले. तिचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता. माझ्याकडे न बघताच बोलली.

"किती वाजले?"

"अकरा पन्नास."

"हसत होता?"

"हो."

"बुधवारी माझा गुडघा कापतायत. दवाखान्यात सही कालच करून आलेय. सहा शनिवार, सहा रविवार, पहाटे चारच्या आत इथे. शिडी खांद्यावर घ्यायची, ओढायची नाही. लघवी आधी करून यायची."

"काल?" मी म्हटलं. "काल तर पैज लागलीच नव्हती."

"नव्हती."

"पण मावशी, मला गळ टाकताही येत नाही!"

"तुला मासे धरायला कुणी सांगितलंय?" ती म्हणाली. "उभी राहा."