साडीखालचा कॉम्प्युटर

२०१९ साल. मी अडुसष्ट वर्षांचा, आणि आष्ट्यातल्या माझ्या छापखान्यात माझा शब्द शेवटचा. निदान माझी तशी समजूत होती. कारण तिथं अक्षरं जुळवणारी बाई दरवेळी चष्मा कपाळावर सरकवायची आणि म्हणायची, "तुमचं खरं, काका." तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. हे ऐकलं की आपण चुकतोय असं समजायचं, एवढं कळायला मला वीस वर्षं लागली.

माझं शिक्षण चौथी. पुढचं छपाईच्या शिशाच्या खिळ्यांनी शिकवलं. ती बाई आटपाडीकडची, नवरा फौजेत. खिळे गेले, कॉम्प्युटर आला. तो ती शिकली. मी मागं उभं राहून "हळू दाब" एवढंच सांगायला शिकलो.

तो कॉम्प्युटर दम टाकायला लागला तेव्हा आम्ही सांगलीला गेलो. दुकानात दोन जाती होत्या. एक काळा, आमच्या जुन्या काळ्याचाच भाऊबंद. दुसरा पांढरा, पातळ, पाठीवर सफरचंद. मी पांढऱ्याच्या पाठीवर बैलासारखी थाप मारली.

ती हळूच म्हणाली, "काका, आपली मराठी अक्षरं काळ्यावरच चालत्यात. जुन्या पत्रिका ह्याच्यात उघडायच्या न्हाईत."

"सांगलीच्या मोठ्या छापखान्यात हाच हाय," मी म्हणालो. "आन् घरी गेल्यावर तो जुना भंगारात घाल."

चष्मा कपाळावर गेला. "तुमचं खरं, काका."

आमच्याकडं लग्नपत्रिका नवी करत नाहीत. थोरल्या भावाची जुनी काढायची, नवरानवरी बदलायची, भावकीची नावं तशीच ठेवायची. एक नाव वरचं खाली गेलं तर मांडवात भांडण. ही सगळी भावकी त्या जुन्या कॉम्प्युटरात होती.

महिन्याभरात कडेगावचे पाहुणे आले. "थोरल्याच्या पत्रिकेवरनंच धाकट्याची काढा." तिनं पांढऱ्यावर पत्रिका उघडली. पडद्यावर नुसते कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरं. एकही चुलता ओळखू येईना.

"काका, जुनं यंत्र..."

"ते भंगारात गेलं. मी सांगतो तोंडानं, तू ह्याच्यातल्या मराठीत घाल. सगळी नावं पाठ हायत मला."

पाठ होतीच. पाहुण्यांना प्रूफसुद्धा दाखवलं नाही. आपण कधी चुकलोय का? पाचशे पत्रिका गेल्या. तिसऱ्या दिवशी नवरदेवाचे थोरले चुलते, निवृत्त सुभेदार, स्वतः दारात उभे. पत्रिकेत मी त्यांच्या नावाआधी 'कै.' घातलं होतं.

"बघा की वो मालक, हात लावून बघा," ते म्हणाले. "मी हाय का गेलोय?"

मी पाणी आणायला आत गेलो. खरं तर लपायला. बाहेर आलो तर बाईनं कोपऱ्यातल्या ढिगावरची आपली जुनी साडी ओढली होती. खाली जुना कॉम्प्युटर.

"हे भंगारात घाल म्हणलं हुतं न्हवं?"

"तुमी सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाई."

संध्याकाळपर्यंत नव्या पत्रिका निघाल्या. सुभेदार जिवंत झाले. मी त्यांना सांगितलं, "बघा, नव्या यंत्राची करामत." तिनं ऐकलं. साडी परत जुन्यावर टाकली.

मग आमचा एक रिवाज पडला. मी जेवायला घरी गेलो की साडी निघायची, परत आलो की चढायची. मला ते ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. पांढरा गिऱ्हाइकाला दाखवायला, काम काळ्यावर.

यंदा ती काम सोडून गेली. नवरा फौजेतून आला, रानाला पाणी आलं, डाळिंब लावायचं ठरलं. शेवटच्या दिवशी तिनं कीबोर्ड पुसला, जेवणाचा डबा पिशवीत घातला. मला एकच गोष्ट बोलायची होती, गेली कित्येक वर्षं. घशापर्यंत आलीही. तोंडातून निघालं, "काय बी म्हण, पांढराच बरा."

तिनं चष्मा कपाळावर सरकवला. हसली. "तुमचं खरं, काका." आणि एसटी गाठायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिऱ्हाइकं यायच्या आधी छापखाना उघडला, काळ्यावरची साडी काढली आणि पांढऱ्यावर घातली.