सांताच्या कोटाचा आतला खिसा

बजाजनगरातलं आमचं चर्च म्हणजे एक पत्र्याचा हॉल. तिथं ओळीनं सात नाताळ सांता मीच झालो, कारण माझ्यासारखं नाचणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हातारी माणसं म्हणायची, "प्रभूचा आनंद संचारलाय याच्यात." कसला आनंद! संचारलेली असायची क्वार्टर. दाढीमुळं लोकांना वास यायचा नाय. बायकोला यायचा, ती पहिल्या रांगेत मान खाली घालून बसायची.

मग आठव्या वर्षी सप्टेंबरात कंपनीत मशीनवर हात लई थरथरायला लागला. बायकोनं पहिल्यांदाच भांडण न करता बॅग भरून कॉटखाली ठेवली. म्हणाली, "नाताळपर्यंत बघते. परत प्यालात तर वैजापूरला माहेरी जाईन, ते कायमची." भांडली असती तर मी ऐकलं नसतं. शांतपणे बोलली, म्हणून घाबरलो आणि सोडली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासनेत उभं राहून मी साक्ष दिली, तीन महिने थेंब नाय म्हणून. हालेलुया झालं, मावश्यांनी डोळे पुसले. पाळकसाहेब म्हणाले, "यंदा सांता व्हाल ना? का नको?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "व्हतो की! प्रभू सांभाळील."

आता खरं सांगतो. प्रभूच्या आधी मला आठवला तो सांताचा कोट. गेल्या नाताळला त्याच्या आतल्या खिशात एक क्वार्टर तशीच राहिली होती, सीलबंद. कोट आमच्याच घरी, ट्रंकेत. बायकोसमोर ट्रंक उघडायची सोय नव्हती, पण एकदा का कोट अंगावर चढला की मग मी आणि क्वार्टर! इतका लबाड माणूस मी.

त्याच आठवड्यात बायको सुई घेऊन आली. तिला चष्म्यातूनबी सुईचं नाकं दिसत नाय. "अवो, एवढी ओवून द्या." लाल दोरा होता. पहिल्याच झटक्यात आरपार! मी ओरडलोच, "बघ, हात हालला नाय!" ती हसली. किती वर्षांनी हसली असंल. काय शिवायचंय, ते मी विचारलंबी नाय.

नाताळच्या सकाळी उपासना संपली आणि मी पडद्याआड कोट चढवला. पलीकडं पोरं "सांता, सांता" करून हॉल डोक्यावर घेत होती. हात आत घातला. बाटली हाताला लागली, पण वरून कापडातनं! खिशाचं तोंड गादीला घालतात तसल्या टाक्यांनी शिवलेलं. डोकंच फिरलं माझं. सरळ दात लावले. दाढीचा कापूस तोंडात गेला, ठसका लागला, तरी मी आपला ओढतोय. दोन टाके तुटले. दोऱ्याचा तुकडा ओठाला चिकटला, तो काढून बघितला तर लाल. आरं देवा, हा तर मीच ओवून दिलेला!

मटकन खाली बसलो. लाज वाटली, रडू आलं, आणि हसूबी. "प्रभू, आता तरी खरंच सांभाळ रे बाबा," एवढीच प्रार्थना झाली, तीबी कापूस थुंकत.

मग बाहेर येऊन नाचलो. काय नाचलो! शुद्धीत मला नाचताच येत नाय, हे त्या दिवशी कळलं. ढोलकी एकीकडं, पाय दुसरीकडं. एका मावशीनं भर हॉलात विचारलं, "सांताला यंदा ताप आलाय का गं?" बायको मान वर करून बघत होती.

घरी आल्या आल्या तिनं कोट मागितला. चष्मा लावून खिसा निरखला. माझं लक्ष कॉटखालच्या बॅगेकडं.

"टाके तुटलेत," ती म्हणाली.

"व्हय. दातानं तोडले."

"बाटलीत पाणी हाय. दारू मी शिवायच्या आधीच मोरीत ओतली."

"मग शिवलं कशाला?"

तिनं कोट मांडीवर घेऊन न तुटलेले टाके एकेक करून मोजले. मग सुई आणि लाल दोरा माझ्यापुढं धरला. "दोनच तर तुटलेत. ओवून द्या."

भीतीनं हात इतका थरथरत होता की चौथ्या खेपेला कुठं दोरा आत गेला. तोवर ती समोरच बसून राहिली.