मास्तरांच्या सभेत वहिनीने विचारलेला प्रश्न

इथे आपल्यापैकी अनेक जण माझ्याहून अधिक वाचलेले, अधिक जग पाहिलेले आहेत. त्यांच्यासमोर काही लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते... पण गेल्या रविवारी आमच्या गावात जे घडले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमचे गाव विट्याजवळचे. इथल्या शाळेत पूर्वी एक मास्तर होते. त्यांनी मुलींना स्वतःच्या घराच्या सोप्यात बसवून शिकवले, आपली विहीर सर्वांना खुली केली, आणि त्यापायी गावाने त्यांना वाळीत टाकले. त्या एकाकी काळात त्यांनी एक कादंबरी लिहिली... कोणत्याच नकाशावर नसलेल्या, सर्वांना समान वागवणाऱ्या एका गावाची.

त्या कादंबरीतल्या गावात एक रीत आहे. लग्न होऊन आलेली मुलगी भरसभेत एक प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत सभा उठत नाही. मास्तर गेल्यावर गावाला पश्चात्ताप झाला असावा. त्यांच्या पुण्यतिथीला ही रीत आम्ही अजून पाळतो.

पाळतो म्हणजे... आता प्रश्न आधीच ठरलेला असतो. 'वाचनालय कोणी सुरू केले?' असे नवी सून विचारते, 'मास्तरांनी' असे सरपंच उत्तर देतात, टाळ्या होतात आणि पंगत बसते. वाचनालयाचे चिटणीस माझे वडील, आप्पा. यंदाची नवी सून आमच्याच घरातली, म्हणून ते सकाळपासून खुशीत होते.

वहिनी माण तालुक्यातली, दहिवडीकडची. साताऱ्यात नर्सिंग शिकत होती. शेवटचे वर्ष अर्ध्यावर असताना लग्न झाले. 'शिक्षण पुरे करू देऊ,' असे बैठकीत आप्पांनीच सांगितले होते... पण कॉलेजने दिलेली मुदत संपत आली, तरी घरात कोणी विषय काढत नव्हते.

सभेत वहिनी उभी राहिली. पदर सावरून तिने सरपंचांकडे नव्हे, आप्पांकडे पाहिले.

"मामा, शुक्रवारपर्यंत न्हाई गेले तर कॉलेजात माझं नाव काढत्यात. मला कवा पाठवताय?"

मागे बायकांत कोणीतरी पुटपुटले, "करा अजून शिकल्याली सून." माझा भाऊ मान खाली घालून सतरंजीची दशी ओढत राहिला...

आप्पा हसले, पण त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "अगं, घरचं घरी बोलू की. लोकं जेवायची थांबल्यात."

अध्यक्षस्थानी फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार तात्या होते. "थांबा आप्पा. रीत मास्तरांची हाय, तुमची न्हाई." मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, आख्खं पुस्तक वाचल्याली गावात तू एकटीच. घरचं घरी म्हणून चालतंय का त्यात?"

मी चारचौघांत बोलत नाही. शाळेत बक्षीस घेतानाही माझी नजर वर होत नाही. आप्पा माझ्याकडे एकटक पाहत होते... 'आठवत नाही' एवढे म्हटले असते, तरी त्यांची लाज राखली गेली असती. आणि वहिनीचे वर्ष गेले असते.

मी कशीबशी म्हणाले, "नाही चालत. ज्याला विचारले, त्याने तिथेच उत्तर द्यायचे असते."

"ऐकलं का आप्पा? आमटी निवाय लागली," तात्या म्हणाले.

आप्पांनी आईकडे पाहिले. आई वहिनीकडे पाहत होती. मग ते म्हणाले, "गुरुवारच्या गाडीनं जा. मी येतो सोडायला."

आज सकाळी ते तिला घेऊन साताऱ्याला गेले. रविवारपासून ते माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते, आणि तो अबोला मला फार जड जात होता... पायरी उतरता उतरता मात्र थांबले.

"ते पुस्तक दे मास्तरांचं. गाडीत वाचतो."

मास्तर, मी तुम्हाला कधी पाहिलेले नाही. तरीही तुमचे आभार मानल्याशिवाय आज मला अभ्यासाला बसवणार नाही...

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.