सारसासमोर नाचलो तवा
तलावाच्या गाळाचा वास आला का मले तो सारस आठवते. साकोलीकडच्या आमच्या गावानं वर्गणी करून चिडियाघर काढलं होतं. पहिल्या साली दोन ससे न एक मोर होता, मंग हरणासाठी जाळीचा वाडा झाला, न सरपंच म्हणे, "पुढच्या साली अस्वल आणू." त्यातच कोणीतरी पाय मोडलेला सारस आणला. त्याच्यासाठी तलावातला गाळ टाकून डबकं केलं. पाय जुळला, पण तो दाण्याले तोंड लावेना, मान टाकून बसला. सारे म्हणत, आज-उद्या मरते. मी गावच्या दंडारीच्या नाच-नाटकातला जोकर, अक्कल शून्य. म्हटलं, याले हसवून पाहू. हात पसरून एका पायावर उड्या मारत नाचलो न धपकन गाळात आपटलो. लोक खो-खो हसले. सारस मात्र उठला. माझ्या डोक्यावर आभाळभर पंख उघडले, लाल मान वर केली न माझ्याभोवती नाचाले लागला. सारं हसू जागीच थांबलं. मंग त्यानं माझ्या पायापासचा किडा टिपून खाल्ला. सरपंच हळूच म्हणे, "अस्वल कायले आणाचं, त्याच्या पिंजऱ्यात तूच राय गा." आता माझे गुडघे गेले. दंडारीत मले हसले लय लोक, पण माझ्यासंग नाचला तो एकच.