कॉलेजवालीचे शंभर दाणे

आमच्या गावात आजवर जेवढी माणसं आली, त्यांत आधी माती हुंगून मग चहा पिणारी ती एकटीच. बसमधून उतरली, पाठीवरची बॅग आमच्या ओसरीवर टेकवली आणि मी पुढे केलेला पाण्याचा गडवा तसाच माझ्या हातात ठेवून अंगणाच्या कडेला जाऊन बसली. मूठभर माती उचलून नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि फुलाचा वास घ्यावा तसा लांब श्वास घेतला. "मावशी, तुमच्या वावराची माती याहून काळी आहे का?" हा तिचा मला पहिला प्रश्न. मी नुसती मान हलवली. नव्या माणसाशी बोलायला मला दोन दिवस लागतात. ते तिला तेव्हाच कळलं असावं, कारण पुढचे दोन दिवस ती एकटीच दोघींच्या वाटचं बोलली.

ती शेतीचं शिकत होती, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. त्यांच्या कॉलेजात असा नियम आहे की शेवटच्या वर्षी मुलांनी काही महिने एखाद्या गावात, एका शेतकऱ्याच्या घरी राहायचं, चार वर्षं पुस्तकात वाचलेलं वावरात पाहायचं आणि गावाला चार गोष्टी करून दाखवायच्या. तिच्या वाट्याला नेरच्या पुढचं आमचं गाव आणि आमचं घर आलं. ती मूळची दिग्रसची, वडील तिथे जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर. गावानं तिचं नाव विचारलंच नाही. सगळे तिला कॉलेजवाली म्हणायचे, मीही तेच लिहिते.

मातीचं वेड नुसतं हुंगण्यावर थांबलं असतं तर बरं. ती ओल्या मातीचा गोळा दोन बोटांत धरून त्याची पट्टी काढायची. पट्टी जितकी लांब निघेल तितकी माती चिकण, असं ते शास्त्र. आमच्या वावराची पट्टी वीतभर निघाली तेव्हा ती पट्टी तळहातावर घेऊन पोरगी घरभर फिरली. पलीकडच्या दारात माझी जाऊ तांदूळ निवडत होती. "काय वं, चार वर्षं शिकून माती हुंगाले शिकली? आमच्या बकऱ्या तं बिनशिकल्या हुंगतात," ती म्हणाली. कॉलेजवालीला राग येणं माहीतच नव्हतं. "हाव ना काकू, बकरीले जास्त समजते. ती आधी हुंगते, मंग खाते. मी अजून खाऊन नाही पाह्यली," ती म्हणाली. आणि खरंच जिभेच्या टोकाला लावून पाहिली. जावेनं सूप खाली ठेवलं, आणि त्या दिवसापासून कॉलेजवालीची टवाळी ती अर्ध्यावरच सोडायला लागली.

गवताशी तिचं नातं आमच्यापेक्षा उलटं. आम्ही ज्याला तण म्हणून उपटून बांधावर फेकतो, ते ती मुळासकट अलगद काढायची, धुवायची, आणि वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून दाबायला जागा शोधायची. आमच्या घरात जड अशी एकच वस्तू, गव्हाची कोठी. ती हलवणं शक्य नव्हतं म्हणून तिनं गवत आमच्या गाद्यांखाली घातलं. महिनाभर आम्ही दोघं नवराबायको बावीस जातींच्या गवतावर झोपलो. आमच्या घरचे सकाळी उठले की पाठ चोळत म्हणायचे, "आज माया खाली कोणतं होतं वं?" ती खरंच वाकून पाहायची आणि गादीखालच्या गवताचं लांबलचक इंग्रजी नाव सांगायची. किडे मात्र ती माझ्या लोणच्याच्या बरण्यांत ठेवायची. एकदा नेरहून येताना बसमध्ये तिच्या काडेपेटीतला एक भुंगा कंडक्टरच्या बाहीवर बसला. कंडक्टर ओरडला तर ही म्हणाली, "दादा, हलू नका, त्याचा पाय मोडन." सबंध बस त्या भुंग्यासाठी थांबली होती, असं तीच हसत सांगायची.

आणि एवढं सगळं येणारी ही मुलगी आमच्या गाईला भ्यायची. गाईच्या पोटात किती कप्पे असतात ते बोटांवर मोजून सांगायची, पण दावणीजवळून जायचं झालं की माझा पदर धरायची.

तिच्याजवळ छापील प्रश्नांचा एक गठ्ठा होता. घरात माणसं किती, जनावरं किती, विहीर आहे का. एक प्रश्न होता, शेतीचे निर्णय घरात कोण घेतं. आमच्या घरच्यांनी छाती काढून सांगितलं, "मीच." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, "काय वं, मीच ना?" तिनं ते हसू दाबत लिहून घेतलं. पण त्यानंतर बियाण्याचं, राखेचं, कितव्या तासाला, म्हणजे ओळीला, तूर टाकायची याचं जे काही विचारायचं ते ती चुलीपाशी येऊन मलाच विचारायला लागली. मी भाकर थापता थापता सांगायची आणि ती पीठ सांडलेल्या जमिनीवर वही ठेवून लिहायची. माझं बोलणं कोणी वहीत लिहून घ्यावं, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं. मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर माझ्या कुठल्या उत्तराची कोणाला गरज पडली नव्हती.

पेरणीला दोन आठवडे उरले तेव्हा तिनं घरचं सोयाबीन काढायला लावलं. त्यातलंच अर्धं जावेच्या वावरात जायचं होतं. गोणपाटाचा एक बारदाना ओला केला, अंगणात पसरला, आणि त्यावर दहा दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या. इतक्या सरळ की मला आमच्या शाळेतली प्रार्थनेची रांग आठवली. मग बारदाना गुंडाळून, सुतळीनं बांधून रांजणाजवळ सावलीत ठेवला. सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायची. मी विचारलं, हे कशासाठी? ती घाईत होती. "सर येऊन राह्यले ना मावशी पुढच्या हप्त्यात. हे बंद्या गावापुढं दाखवायचं आहे. मागच्या वेळी माया एक विषय राह्यला, आता यावरच सगळं आहे. हे बिघडलं तं सहा महिने वाया." एवढं सांगून ती बरण्यांकडे पळाली.

तिसऱ्या दिवशी तिनं बारदाना उलगडला. मी शेजारीच भांडी घासत होते. तिनं काडीनं एकेक दाणा मोजला आणि तिचा चेहरा उतरला. "अठ्ठावन्न," ती स्वतःशीच म्हणाली. "शंभरातले सत्तर तं पाहिजेच होते." कच्च्या वहीत आकडा लिहिला, बारदाना परत गुंडाळला आणि त्या दिवशी ती एकदाही काही हुंगायला गेली नाही. जेवलीही अर्धी भाकर.

मला तिचं दुःख समजलं. म्हणजे समजलं असं मला वाटलं. चौथीत मला गणितात शंभरातले एकावन्न पडले होते आणि मी दोन दिवस रडले होते. हिला अठ्ठावन्न पडले होते, पाहिजे होते सत्तर, आणि सहा महिने वाया जाणार होते. एवढी हुशार, एवढी कष्टाळू मुलगी, आणि दाण्यांनी मोड धरला नाही म्हणून नापास? मोड आणणं का अवघड आहे? मटकीला, मुगाला मी जन्मभर मोड आणत आले. मी त्याच पोत्यातले ओंजळभर दाणे भिजवले, फडक्यात बांधले आणि चुलीच्या उबेला ठेवले. दोन दिवसांनी ती कागद छापून आणायला नेरला गेली, तेव्हा भर दुपारी मी तिचा बारदाना सोडला. न फुटलेले दाणे उचलले आणि त्यांच्या जागी माझे मोड आलेले ठेवले, तिच्या ओळी जराही न मोडता.

संध्याकाळी येऊन तिनं मोजलं. चौऱ्याण्णव! ती अंगणात नाचली, मला मिठी मारली, आणि त्या आनंदात गाईच्या अगदी जवळून गेली. "मावशे, उशिरानं का होईना, पण उगवले ना!" मी चुलीत फुंकर घालत बसले. इतकं समाधान मला फार कमी गोष्टींनी दिलंय.

दुसऱ्या दिवशी विहारापुढच्या निंबाखाली गाव जमलं. पुढे सर खुर्चीवर, बाजूला पुरुष, मागे आम्ही बायका. तिनं बारदाना उलगडला आणि पुस्तकी मराठीत बोलायला लागली. "हे शंभर दाणे या घरच्या पोत्यातले आहेत. यांतले चौऱ्याण्णव उगवले. म्हणजे पोत्यातल्या शंभर दाण्यांपैकी साधारण तेवढेच वावरात उगवतील. सत्तरच्या खाली असते तर बियाणं वाढवावं लागलं असतं, किंवा बदलावं. पण हे बियाणं उत्तम आहे. निर्धास्त पेरा."

तो आकडा तिचा नव्हताच. तो आमच्या वावराचा होता. मागच्या काढणीला शेंगा भिजल्या होत्या हे मला माहीत होतं, तरी अठ्ठावन्नाचा अर्थ मला कळला नव्हता. माझ्यापुढे आमचे घरचे मान डोलवत होते, आणि जाऊ शेजारणीला सांगत होती, "आमचंई त्याच पोत्यातलं." आता गप्प राहिले तर दोन्ही घरांची वावरं अर्धी रिकामी राहणार होती. बोलले तर त्या मुलीचे सहा महिने जाणार होते, तेही तिच्या सरांसमोर, माझ्या हातानं. तीन वर्षं बचत गटात जात होते, पण हजेरीलासुद्धा माझा आवाज निघत नव्हता. कशी कोण जाणे, मी उभी राहिले.

"सर, ते चौऱ्याण्णव नाहीत."

सगळे वळले. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत सांगितलं, "अठ्ठावन्नच आहेत. छत्तीस मी टाकले. चुलीपाशी मोड आणून. मले वाटलं, ते पोरीचे मार्क आहेत."

सरांनी चष्मा काढला. "छत्तीसच का? मग सहा कशाला सोडले?"

"शंभरातले शंभर कोणाले पडतात, सर?" मी म्हणाले. "तुमाले संशय आला असता."

आधी जाऊ हसली. मग सगळं गाव. सर तर खुर्चीच्या हाताला धरून हसले. मी मात्र तिच्याकडेच पाहत होते. ती हसत नव्हती. ती सरांपुढे जाऊन म्हणाली, "सर, चूक माझी आहे. मी मावशीच्या घरात राहून, त्यांच्याच पोत्यातले दाणे घेतले, आणि ते कशाचे शंभर आहेत हे त्यांनाच सांगितलं नाही. बाकी सगळं त्यांना विचारलं, फक्त हे सांगायचं राहिलं." एवढं बोलून ती लहान मुलीसारखी रडली.

सर तिची वही चाळून म्हणाले, "पुन्हा लावा चाचणी. या वेळी दाणे मावशी मांडतील, मोजतीलही त्याच. तुम्ही फक्त शिकवायचं. मी येतो परत." ते परत आले तेव्हा मी सगळ्यांपुढे मोजलं. साठ. माझा आवाज शेवटच्या बाईपर्यंत गेला, असं जाऊ म्हणते. ती पास झाली. आमच्या घरच्यांनी अर्धं बियाणं बदललं, उरलेलं दाट पेरलं, आणि वावर सारखं उगवलं. पास झाल्याचं सांगताना ती म्हणाली, "मावशे, चौऱ्याण्णव काही नाही पडले बरं!"

आता ती अकोल्याला पुढचं शिकते. बियाण्याचंच. आधी आठवड्याला फोन यायचा, मग सणाला, आता माझाच फोन जातो आणि बरेचदा वाजून थांबतो. तिथे प्रयोगशाळेत फोन बाहेर ठेवावा लागतो म्हणे. पेरणीआधी गावातल्या बाया मूठ मूठ दाणे पदराला बांधून माझ्याकडे येतात. मी बारदाना ओला करते, ओळी मांडते, आणि पहिल्यांदाच आलेल्या बाईला आधी हे सांगते की हे शंभर कशाचे.

जाताना तिनं तिची कच्ची वही मला दिली, उरलेल्या पानांवर काहीतरी लिहा म्हणून. हे मी त्याच पानांवर लिहितेय. आधीच्या पानांवर तिच्या पहिल्या चाचणीचा तक्ता आहे. सरांना दाखवायच्या वहीत तिनं काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण इथे तिच्या अक्षरात असं आहे: एकूण दाणे १००. उगवलेले ५८. आणि त्यापुढे नवा रकाना आखून, मावशीने दिलेले ३६.

मी दर वर्षी त्याच तक्त्याखाली नवी ओळ लिहिते. या वर्षीचे उगवलेले त्र्याऐंशी. शेवटच्या रकान्यात शून्य टाकायला हवं, तिनं तसंच शिकवलंय. पण तिथे माझा हात थांबतो. तो रकाना मी रिकामाच ठेवते.